डावा गुडघा

“आई संडूरला गेलीय, अण्णा. मामांकडे,” संयोगिता म्हणाली आणि तिने कॉफीचा पेला वडिलांच्या हातात दिला.

पद्माकररावांनी पेला घेतला, पण तोंडाला लावला नाही. “कावेरी? मला न सांगता?”

“तुम्ही झोपला होता.”

गेले तीन आठवडे ती रोज सकाळी खरं सांगत आली होती. आई गेली, अण्णा. खुर्चीत बसल्या बसल्या गेली. आणि रोज सकाळी ते हे पहिल्यांदाच ऐकत होते. ऐकलं की दिवसभर भिंतीकडे तोंड करून पडून राहत. अन्न नाही, गोळ्या नाहीत. दुसऱ्या दिवशी सगळं पुसलेलं असे, फक्त अंग आणखी खंगलेलं. असंच चाललं तर फार दिवस काढणार नाहीत, असं डॉक्टर म्हणाले होते. काल धाकटा भाऊ यशोवर्धन फोनवर त्याहून स्पष्ट बोलला. “तू त्यांच्यासाठी नाही सांगत, अक्का. तुला रडायला सोबत हवी म्हणून सांगतेस.”

तिने फोन ठेवला. मग हार घातलेला फोटो कपाटात गेला. आईच्या चपला, चष्मा, गोळ्यांचा डबा, रोजच्या साड्या, गावाला निघालेलं माणूस नेईल ते सगळं तिने एका बॅगेत भरलं आणि बॅग शेजारच्या प्रतिमाकडे ठेवायला दिली.

“कशी गेली?” पद्माकररावांनी विचारलं.

“रात्रीच्या बसने. मीच सोडून आले मॅजेस्टिकच्या स्टँडवर.”

“सरी, बरं. एवढं काय काम काढलं?”

“मामांचं ऑपरेशन आहे. गुडघ्याचं.”

“कुठल्या?”

“डाव्या.”

पद्माकरराव हसले. आयुष्यभर त्यांनी मराठीत रहस्यकथा लिहिल्या होत्या. कानडी मुलखात, बसवनगुडीच्या या घरात बसून हे पुण्या-मुंबईत खून पाडतात, असं आई पाहुण्यांना सांगायची. आता त्यांना नातवंडांची नावं आठवत नव्हती. हसू मात्र जुनंच होतं.

“पुट्टी, खरं बोलणाऱ्याला सगळं ठाऊक नसतं. तो म्हणतो, मला काय माहीत कुठला गुडघा. खोटं बोलणाऱ्याजवळ प्रत्येक प्रश्नाचं उत्तर तयार असतं.”

“काहीतरीच तुमचं. कॉफी गार होतेय.”

“होऊ दे. स्वल्प थांब.”

ते उठले. भिंतीचा आधार घेत घरभर फिरले. दारामागची खुंटी पाहिली. चपलांचं कपाट उघडून पाहिलं. न्हाणीघरात डोकावले. संयोगिता मागे मागे होती. आईचं काहीही जागेवर नव्हतं, म्हणजे जसं असायला हवं तसंच होतं. आज जेवतील, तिला वाटलं. आज दोन घास तरी पोटात जातील.

खिडकीपाशी आईच्या खुर्चीजवळ ते थांबले. खुर्चीच्या बाजूला पुस्तकांची चळत होती. या घरात बसायच्या प्रत्येक जागी अशी एक चळत असे. संयोगिता काल दहादा तिच्याजवळून गेली होती आणि तिला ती दिसलीही नव्हती. पद्माकररावांनी वरचं पुस्तक उचललं. लायब्ररीतून आणलेली एक नवी खुनाची कादंबरी. आत खुणेला आईच्या केसांतला आकडा.

त्यांनी पानं उलटून पाहिली.

“एकच प्रकरण राहिलंय,” ते म्हणाले. “यशोवर्धनच्या लग्नात ही बाई मांडवात कादंबरी उघडून बसली होती. विहिणीने तीन हाका मारल्या. खुनी सापडल्याशिवाय उठली नाही. ती शेवटचं प्रकरण टाकून मामाच्या गुडघ्यासाठी जाईल?”

संयोगिताने पुस्तक घ्यायला हात पुढे केला.

ते आईच्या खुर्चीत बसले. पुस्तक मिटलं. हात त्यावर ठेवला.

“केव्हा?”

“तीन आठवडे झाले.”

“मला सांगितलंस?”

“रोज सांगते.”

“मग मी काय करतो?”

“रडता. मग जेवत नाही.”

“आणि तू?”

हे त्यांनी आजवर कधी विचारलं नव्हतं. आज रडायचं नाही असं तिने ठरवलं होतं. ती खाली बसली आणि त्यांच्या मांडीवर डोकं टेकलं. दोघं रडली. यशोवर्धन खोटं बोलला नव्हता. आई गेल्याचं दुःख आपल्याइतकंच असलेलं या जगात एकच माणूस आहे, हे ती जाणून होती. ते तिला रोज सकाळी घटकाभर मिळत होतं.

पद्माकररावांनी पंच्याने डोळे पुसले. आधी स्वतःचे, मग तिचे. मग घसा खाकरला. लिहायला बसताना खाकरत, तसाच.

“कथानक कच्चं आहे तुझं,” ते म्हणाले. “संडूर फार लांब. लांब गेलेल्याची माणसं चौकशी करतात. कोपऱ्यावर भाजी आणायला गेलेल्याची नुसती वाट बघतात.”

“अण्णा, नको.”

त्यांनी गार झालेली कॉफी एका दमात संपवली आणि गोळ्यांसाठी हात पुढे केला.

“उद्या मी परत विचारीन, पुट्टी. तेव्हा मला सापडणार नाही असं खोटं सांग.”