खाऱ्या पाण्यातली वस्ती

ट्रिगर माशाने टाकीतल्या आणखी एका माशाचे डोळे फोडले होते. दुकानदाराने ट्रिगरला जाळीत धरून बाजूच्या छोट्या टाकीत टाकलं आणि तो पुन्हा तापल्या सुईने प्लास्टिकच्या डब्याला भोकं पाडायला बसला.

"मारून टाक त्याला," जेलरसाहेब म्हणाले.

"त्याचा काय दोष, साहेब? तो आधी आला, म्हणून टाकीतले सगळे दगड त्याच्या बापाचे."

दुकानदार हा कैदी. बाहेर त्याचं शोभेच्या माशांचं दुकान होतं, म्हणून साहेबांच्या ऑफिसातली खाऱ्या पाण्याची टाकी त्याच्या गळ्यात पडली होती. एरवी साहेब हसले असते. पण मोठ्या बराकीत सकाळीच रेड्याने एकाचा जबडा मोडला होता. रेडा हा बराकीचा दादा. मागे त्याने एकाचं डोकं भिंतीवर आपटून त्याला संपवलं, तेव्हा साक्ष द्यायला एकाचीही जीभ उचलली नाही. आता आणखी एक मुडदा पडला, तर साहेबांची खुर्ची गेलीच.

जबडा मोडलेला माणूस दुकानदाराचा सख्खा धाकटा भाऊ होता.

"कसा आहे तो?"

"नळीने दूध पितोय. पुढच्या खेपेला वाचायचा नाही, साहेब."

"मग मी काय करू? रेड्याला दुसरं कुठलंही जेल घ्यायला तयार नाही."

दुकानदाराने सुई खाली ठेवली. "टाकीत करतो ते सांगू? दांडगटाला आठवडाभर बाहेर काढायचं. तोवर सगळे दगड हलवायचे, खाणं भरपूर टाकायचं. बाकीचे आपापल्या जागा धरतात. मग त्याला परत आणायचं. आता तोच नवा! मान खाली घालून राहतो."

साहेबांना पटलं. रेडा एकांत कोठडीत गेला. बराकीतल्या सगळ्यांच्या जागा बदलल्या, रेड्याची खिडकीखालची ऐसपैस जागा पाचजणांत वाटली, जेवणही वाढवलं. बराकीतून चक्क हसण्याचे आवाज येऊ लागले. साहेब स्वतःवरच खूश होते.

आठवड्याने, अंघोळीच्या वेळी, रेड्याला आत सोडलं. तो सरळ खिडकीखाली गेला आणि एकाचं अंथरूण त्याने लाथेने उडवलं.

"ऊठ रे!"

कोणीच उठलं नाही. मग सगळेच उठले.

बादल्या, थाळ्या, दात, नखं. शिपाई कुलूप काढून आत घुसेपर्यंत मोरीचं पाणी लाल झालं होतं. रेड्याला चेहराच उरला नव्हता.

साहेबांनी ऑफिसात येऊन टोपी टेबलावर आपटली.

"मेला! तू सांगितलंस तसंच केलं मी. तसंच!"

"वाईट झालं, साहेब," दुकानदार म्हणाला.

मोठ्या टाकीतले दगड त्याने कधीच हलवून ठेवले होते. त्याने ट्रिगरला जाळीत उचललं. तो दिसताच आतले मासे काचेवर धडका मारू लागले. दुकानदाराने तो भोकांचा डबा पाण्यात टांगला, ट्रिगरला अलगद त्यात सोडलं आणि झाकण लावलं.

"हे काय?" साहेबांनी विचारलं.

"परत आणल्यावर थोडे दिवस डब्यातच ठेवावं लागतं, साहेब. मोकळा सोडला तर बाकीचे त्याला फाडून टाकतात."