हरवलेल्या मेंढराचं वजन

लोणावळ्याच्या चर्चमधल्या नाटकात मेंढरानं मेंढपाळाला आडवं केलं. पण तसं घडलंच नाही, असं मंडळीनं एकमतानं ठरवलंय. हरवलेल्या मेंढराच्या भूमिकेसाठी चिठ्ठी निघाली शमुवेलची. वजन एकशे दहा किलो. क्रिकेटमध्येही त्याला कधी कुणी निवडलं नव्हतं. “दुसरी चिठ्ठी काढा,” सगळे म्हणाले. मेंढपाळ झालेले चर्चचे काटकुळे पाळक गरजले, “देवानं निवडलंय! बायबलातल्या मेंढपाळासारखं खांद्यावरच आणणार!” शमुवेलनं महिनाभर चिक्की सोडली. नाटकात पाळकांनी त्याला झुडपात शोधलं, उचललं आणि दोघेही कोसळले. “चालत येतो, पाळकसाहेब,” शमुवेल शरमून पुटपुटला. “गप रे!” पाळक त्याच्याखालून कण्हले. “मेंढरांनो, बघताय काय?” घोंगड्या पांघरलेली मेंढरं दोन पायांवर धावली. सगळ्यांनी मिळून खांद्यावर घेतलं आणि शमुवेल थेट पंख्यापर्यंत गेला. शिट्ट्या! हालेलुया! “उतर आता, खांदे गेले!” खालून मेंढरं ओरडली. शमुवेल वरून म्हणाला, “सदर मेंढरास खाली उतरवण्यात येऊ नये, ही नम्र विनंती.”