बॅगेची राखण

"तू इथेच बस. बॅगेपाशी कोणीतरी हवं ना!"

लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसाला अंदमानला आलोय. हॉटेलच्या कपाटावर ह्यांचा विश्वास नाही आणि खांद्याला ओझं सोसत नाही. त्यामुळे चार दिवसांत दीपगृह, गुहा, धबधबा सगळं ह्यांनी पाहिलं आणि मी बॅगेची चेन पाहिली. वर ऐकायचं काय, तर "चिडतेस कशाला? हॉटेलवर फोटो दाखवतो की!"

आज काचेच्या तळाची बोट होती. प्रवाळ बघायचे म्हणून तर मी वर्षभर हट्ट धरला होता. बोटवाल्याने हाक मारली, तसे हे चपला काढायला वाकले. मी बॅग त्यांच्या पाठीवर अडकवली, गळ्यातला कॅमेरा काढून घेतला आणि बोटीत चढले.

"अगं, आणि मी?" हे किनाऱ्यावरून ओरडले.

"चिडताय कशाला? हॉटेलवर फोटो दाखवते की!"