बिनकडीचं घर

"मला नाही गाणंबिणं म्हणता येत!" संडासाच्या दारात उभी राहून अक्का ओरडली. "साठी उलटलेली बाई मी. आत बसून गळा काढू?"

तिचा जावई फिसकन हसला. सुताराची बायको ताटं मांडत होती. ती म्हणाली, "गाणं नको तर खोकत राहा, अक्का. आमच्यात तसंच चालतं. आतून आवाज आला की बाहेरच्याने थांबायचं."

दारं करण्यात ज्याचा जन्म गेला, त्या सुताराच्या घरात एकाही खोलीला कडी नव्हती. आठ महिन्यांपूर्वी, सांभाळायला घेतलेली पोरगी घरी यायच्या आदल्या दिवशी, त्याने कड्या-कोयंडे सगळे उपटून भोकं लांबीचा लगदा भरून बुजवली. पोरगी दहा वर्षांची. सख्ख्या काकाने तिला अकरा महिने एका खोलीत कोंडून ठेवलं होतं. सुताराने तिला एकेक दार दाखवलं आणि सांगितलं, "बघ. इथे कुणी कोंडायचं म्हटलं तरी कोंडता येणार नाही." बाहेरच्या दाराला तेवढं कुलूप होतं. त्याची किल्ली पोरीच्याच गळ्यात. तरी रोज संध्याकाळी ती प्रत्येक चौकटीवरच्या बुजवलेल्या भोकांवरून बोट फिरवून बघायची.

अक्का बाहेर आली आणि तिने पिशवीतून एक बोल्ट काढून सुतार भावासमोर आपटला.

"पितळी आहे. चार इंची. आत्ताच्या आत्ता लाव."

"जेवण झाल्यावर बघू ना, अक्का."

"आत्ता! लोक या वयात गुडघे बदलून घेतात, तुम्ही पोरगी आणलीत. आणली तर आणली. पण जावयासमोर मी आत खोकत बसू? लाज आहे की तीही काढून टाकलीस कड्यांबरोबर?"

"एक बोल्टच तर आहे, मामा," जावई म्हणाला. "तोही आतल्या बाजूने."

सुतार सत्तावन्न वर्षांचा होता आणि थोरल्या बहिणीला अजून टरकून होता. त्याने पेचकस उचलला.

पहिला स्क्रू करकरला तशी पोरगी धावत आली.

"बाबा, कडी नको."

"अगं फूटपट्टे, आतून लावायचीय ही." ती किडकिडीत आणि सरळसोट, म्हणून तो तिला फूटपट्टी म्हणायचा. "आतून. ज्याची त्याने."

"तिकडेपण आधी आतूनच होती. मग त्यांनी काढून बाहेरून लावली."

सुताराचा हात थांबला. अक्काने बोल्ट डाव्या हाताने दारावर दाबून धरला. "तू फिरव. मी धरते. पोराटोरांना विचारून घरं चालतात का?"

पोरीने त्या हाताला तोंड घातलं. चावली आणि सोडेचना. सुताराने आणि जावयाने मिळून ओढली तेव्हा सुटली.

"कुत्रं!" अक्का किंचाळली. "कुत्रं पाळलंयस तू!"

"इंजेक्शन घ्यावं लागेल यांना," जावई म्हणाला.

"आज मला चावली, उद्या तुमच्या नरड्याला लागेल. कोंड तिला! नाही कोंडलीस तर मी ही चालले. मेल्यावर खांदा द्यायलासुद्धा येणार नाही माझं कोणी."

सुताराने बायकोकडे पाहिलं. ती कापूस शोधत होती. तिने मान वर केली नाही.

"थोडा वेळ," ती म्हणाली. "अक्कांचं जेवण होईपर्यंत."

सुताराने पोरीचं मनगट धरलं, तिला सामानाच्या खोलीत ढकललं आणि दार लोटलं. दार सावकाश परत उघडलं. त्याने पुन्हा लोटलं आणि त्याला पाठ लावून उभा राहिला.

ताटं वाढली गेली. पट्टी बांधलेला डावा हात मांडीवर ठेवून अक्का उजव्या हाताने पोटभर जेवली. जावयाने उरलेले तीन स्क्रू स्वतःच पिळून टाकले आणि मगच पाटावर बसला.

"उभे किती वेळ राहणार?" बायको सुताराला म्हणाली. "पाय भरून येतील." तिने खुर्ची आणून दिली. त्याने ती दाराला टेकवली आणि बसला. मग तिने ताटही तिथेच आणून दिलं. तो जेवला. भूक लागली होती.

आतून ना रडणं, ना लाथा. सुरुवातीला पत्र्याचा डबा ओतल्याचा आवाज आला, खिळे सांडल्याचा. मग काहीच नाही.

"बघ, कशी सुतासारखी सरळ आली," हात पुसत अक्का म्हणाली. "आठ महिने उगाच डोक्यावर बसवून ठेवलीत." जाताना ती पुन्हा एकदा संडासात गेली. पितळी बोल्ट सरकल्याचा आवाज घरभर ऐकू आला.

पाहुणे गेले. सुताराने खुर्ची बाजूला केली आणि दार उघडलं.

पोरगी पार मागच्या भिंतीशी, भुशाच्या पोत्यावर बसली होती. पायातल्या चपला काढून तिने जोडीने ठेवल्या होत्या. खिळे एका फडक्यावर काढले होते, लहान वेगळे, मोठे वेगळे. रिकामा डबा कोपऱ्यात सरकवून त्याच्यावर फळीचा तुकडा झाकला होता. आणि गळ्यातली किल्ली उंबऱ्यापाशी, उघडणाऱ्याच्या लगेच हाताला लागेल अशी.

"चल, फूटपट्टे. जेवायला चल."

ती उठली नाही.

"तो डबा घेतलाय. संडासाला," ती म्हणाली. "चालेल ना?"

सुतार चौकट धरून उभा राहिला.

"किती दिवस?" तिने विचारलं. मग तिनेच त्याला समजावलं, "आधी सांगितलं की सोपं जातं."