झाडावरचं एकच टमाटर

"म्या येईपर्यंत थांबता नाही आलं का तुले?"

संघर्षनं चप्पल भिरकावली. पाट्यावर लाल डाग होते, बाजूले वाटीत बिनतिखटाची चटणी. त्याच्या बहिणीनं, पायलनं, वर पाह्यलंच नाही.

"मायले भूक लागली होती."

"मायले? भूक?"

तोंडाच्या कॅन्सरसाठी अकोल्याले रेडिएशनचा शेक घेतला, तवापासून मायची, तानाबाईची, जीभ मेली होती. साखर काय, मीठ काय, सगळी माती. घास घोळवायची अन् थुकून द्यायची. डॉक्टर म्हणे, खाल्लं नाही तर पुढचं औषध झेपणार नाही.

एकदाच ती बोलली होती, माहेरचं गावरान टमाटर खावं वाटते. संघर्ष गॅरेजले दांडी मारून तिच्या माहेरी, वरवट बकालले गेला. मामीच्या भिंतीले राखेत चिकटवलेलं जुनं बी होतं, ते नखानं खरवडून आणलं. रोप जगलं एक. त्याले टमाटर धरलं एक. मागच्या दारात खाट टाकून माय दिवसभर तिकडंच पाहत राहे.

"बी कुठी हाय?"

"वाटल्या गेलं चटणीत."

"डोक्सं हाय का खोकं? पहिल्या फळाचं बी ठेवा लागते, एवढंही समजत नाही?"

"शाळा तू सोडली. मले नको शिकवू."

त्याचा हात उठला. आतून आवाज आला, "भांडता काऊन बे? आणा इकडं."

भाकरीच्या मऊ पापुद्र्यावर चटणी घेऊन मायनं घास तोंडात टाकला. डोळे मिटले.

"आंबट लागलं रे," ती म्हणाली. "माह्या मायच्या अंगणातलंच."

संघर्ष तिच्याजवळ सरकला. "खरं?"

"हाव."

त्यानं बोट बुडवाले हात पुढं केला. मायनं वाटी ओढली. "तुले नाही देत. माही हाय." तोंड झोंबून डोळ्यातून पाणी येऊन राह्यलं होतं, तरी तिनं वाटी पुसून खाल्ली.

तो अंगणात आला. पायल पाटा धूत होती.

"उद्या डॉक्टरले फोन लावतो. जीभ आली म्हणतो."

"नको लावू."

"काऊन?"

"टमाटर दुपारीच वानरानं नेलं. रोपही मोडलं. हे दुकानातलं होतं."

"अन् तू मायले फसवलं?"

पायलनं पाटा भिंतीले टेकवला. "वानर मायनंच पाह्यलं. दुकानात मले तिनंच धाडलं. म्हणे, त्याले सांगू नको."

"संघर्ष," आतून माय म्हणाली, "जेवून घे ना बाप्पा."

"मले परत मामीकडं जा लागते आता, बी आणाले," तो म्हणाला.