एकच प्रेक्षक

‘शाबजी’ म्हणत नेपाळी वॉचमनची नक्कल केल्यापासून हेरंबच्या चॅनलला एकच प्रेक्षक उरला होता. व्हिडिओ-साइटचा नियमच तसा होता. टिंगल झालेल्या समाजातून साइटच्या यंत्राने निवडलेली एक व्यक्ती माफीचं बटण दाबेपर्यंत तो इतर कुणालाच दिसणार नव्हता. यंत्राने नेपाळमधल्या पोखऱ्याच्या शिक्षिका दिलमाया गुरुंग यांना निवडलं होतं.

शंभर दिवस माफी मागून कंटाळलेला हेरंब आज कॅमेऱ्यासमोर नुसताच पिठलं-भाकरी खात बसला.

“तिखट लागलं वाटतं? नाक गळतंय!” दुभाषा यंत्रातून दिलमाया हसल्या.

“ताई, किती दिवस राग धरणार?”

“राग केव्हाच गेला, दादा. पण बटण दाबलं की तुम्ही तुमच्या चाळीस लाख प्रेक्षकांत परत जाणार. मग माझ्याशी कोण बोलणार?”

हेरंबने भाकरीचा पुढचा तुकडा मोडला. अखेर दिलमायांनीच बटण दाबलं. पडद्यावर धो धो नावं परतली. उष्ट्या हाताने तो त्यांत दिलमायांचं नाव शोधत राहिला.