तिरका छेद

प्राध्यापकांना स्वतःचं पुस्तक सापडलं ते पावाखाली. नीट सांगायचं तर पाव होता फळीवर, फळीचं एक टोक होतं पुस्तकावर, आणि पुस्तक बिचारं कडेवर उभं राहून सगळा भार सोसत होतं. ‘प्रतल आणि छेद’. आठ वर्षं रक्त आटवून लिहिलेलं. खपल्या होत्या अकरा प्रती, त्यातल्या नऊ त्यांनीच घेतल्या होत्या. ही मात्र सूनबाईला लग्नात दिलेली भेट होती.

“अगं, हे काय?”

“टेकू आहे, बाबा,” सूनबाई म्हणाली. तिचे दोन्ही हात कोपरापर्यंत पिठात होते.

प्राध्यापकांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. निवृत्तीनंतर ते मुलाकडे राहायला आले त्याला तीन महिने झाले होते, पण घराखालच्या बेकरीत उतरले होते आजच. चाळीस वर्षं भूमिती शिकवली, पोरांनी जांभया दिल्या, ते सोसलं. पण टेकू? त्यांनी पुस्तक खसकन ओढून काढलं. फळी धाडकन आडवी झाली आणि पाव घरंगळता घरंगळता राहिला.

“बाबा, ते राहू द्या. दहा वाजता चहावाल्या बाई येतायत.”

“येऊ देत. पाव सरळ कापला म्हणून कुणी मेल्याचं ऐकिवात नाही. फळी आडवी, पातं उभं. काटकोन म्हणतात याला.”

वरच्या चौकटीत अडकवलेलं पातं दांडा दाबला की सरळ खाली यायचं. सूनबाई हात धुऊन येईपर्यंत त्यांनी तीन पाव काटकोनात कापून, चकत्या ओळीने मांडूनही ठेवल्या. सूनबाईने त्या पाहिल्या आणि ती मटकन पोत्यावर बसली.

चहावाल्या बाई वेळेला पक्क्या. कोपऱ्यावर त्यांचं चहाचं दुकान होतं आणि बेकरी निम्मी त्यांच्याच जोरावर चालायची. त्यांनी पिशवीतून चकती भाजायचा लोखंडी साचा काढला. साचा अगदी गोल. त्यात चकती ठेवली, तर दोन्ही बाजूंनी ती काठाला टेकली, पण वरखाली फट राहिली.

“हे काय गं? आज चपट्या?” बाईंनी दुसरी चकती घेतली, मग तिसरी. “फटीतून आच शिरते, कड जळते, धूर होतो, गिऱ्हाईक खोकत उठून जातं. गोल जमत नसतील तर तसं सांग. मला पलीकडची बेकरी आहे.”

सूनबाईचा चेहरा पडला. प्राध्यापकांनी खिशातून पट्टी काढून चकती मोजली. रुंदी दहा, उंची नऊ. मग त्यांनी एक अख्खा पाव उचलला. दोन झाकणांच्या साच्यात भाजलेला, खालून वरून गोलसर, अंड्यासारखा लांबट, पण वरून जरा दाबलेला. लांबी वेगळी, रुंदी वेगळी, उंची वेगळी. हा पाव त्यांनी चाळीस वर्षं फळ्यावर काढला होता. फक्त खाल्ला नव्हता.

“बाई, पाचच मिनिटं थांबा,” ते म्हणाले आणि या वयात जिना दोन दोन पायऱ्यांनी चढले.

खाली आले ते हनुवटीपर्यंत पुस्तकं घेऊन. आधी फळीच्या टोकाखाली शब्दकोश उभा केला. चकती उभट आली. मग गाड्यांचं वेळापत्रक लावलं. ती पुन्हा चपटी. मुलाचा लग्नाचा अल्बमही लावून झाला. पाव संपत चालले होते, बाई घड्याळ बघत होत्या, आणि भट्टीपाशी उभा असलेला मुलगा बापाकडे बघावं की बायकोकडे, या विचारात होता.

सूनबाईने बाजूला ठेवलेलं ‘प्रतल आणि छेद’ उचललं, पदराने पुसलं आणि सासऱ्यांपुढे धरलं.

प्राध्यापकांनी ते घेतलं. क्षणभर छातीशी धरलं. मग स्वतःच्या हाताने फळीखाली कडेवर उभं केलं आणि दांडा दाबला.

चकती साच्यात अशी बसली की नख घालायला जागा उरली नाही. दुसरीही तशीच. बाईंनी मधल्या चकत्या मोजून घेतल्या, टोकाकडच्या लहान गोल चकत्या घरच्यांना ठेवल्या आणि “उद्यापासून दोन पाव जास्त” असं सांगून त्या निघून गेल्या. सगळ्यांचा जीव भांड्यात पडला.

प्राध्यापक अजून पुस्तकाकडेच बघत होते. रागाचा मागमूस नव्हता, पण मान इतक्यात खाली घालायची त्यांची तयारी नव्हती.

“नशीबवान आहेस,” ते म्हणाले. “हाताला लागलं ते पुस्तक खुपसलंस आणि नेमका तोच कोन साधला.”

“हाताला लागलं?” सूनबाईला हसू आवरेना. “बाबा, पहिल्यांदा वाचलं तेव्हा काही कळलं नाही. दुसऱ्यांदा वाचल्यावर पाव मोजला, तुमच्या रीतीने कोन काढला, मग घरातलं एकूण एक पुस्तक पट्टीने मोजलं. बरोबर उंचीचं हेच निघालं. पान एकशे सत्त्याऐंशी बघा.”

प्राध्यापकांनी पान काढलं. त्यांचंच वाक्य होतं: ‘लांबी, रुंदी व उंची निरनिराळी असलेला लंबगोल घन योग्य कोनात तिरका छेदल्यास छेद अचूक वर्तुळाकार मिळतो. व्यवहारात या गुणधर्माचा काहीही उपयोग नाही.’

शेवटच्या वाक्याखाली लाल रेघ होती, आणि समासात, पिठाच्या बोटांच्या ठशाशेजारी, एकच शब्द लिहिलेला होता: ‘आहे.’